अमेरिकेचं घड्याळ फिरलं की पुण्यातल्या मीटिंगा का सरकतात, आणि त्या जागेवर कशा आणायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिस पुण्यात, सोबतच्या टीम न्यूयॉर्क आणि लंडनला, आणि सगळ्यांचं कॅलेंडर शेअर्ड. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काही मीटिंगा एक तास पुढे गेल्या, काही होत्या तिथेच राहिल्या, आणि संध्याकाळी साडेसातला 'राजगड' मीटिंग रूमच्या दारात दोन टीम हजर. आता प्रत्येक मीटिंग हाताने ओढून जागेवर आणायची, की यावर कायमचा इलाज आहे?

इलाज आहे, आणि त्यातली पहिली गोष्ट म्हणजे एकही मीटिंग ओढायची नाही. रिकरिंग, म्हणजे ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा होणाऱ्या, मीटिंगमधली एखादीच तारीख उचलून तासभर मागे ठेवली की ती मूळ सिरीजपासून तुटते, कॅलेंडरच्या दृष्टीने 'अपवाद' होते. असे अपवाद साचत गेले, आणि त्यात मार्चनंतरच्या तारखाही ओढून ठेवल्या असतील, तर घड्याळं परत फिरली की त्या मीटिंगा उलट्या बाजूला तासभर चुकतात. मग कोणीतरी वैतागून सिरीजचीच वेळ बदलतं, तेव्हा आउटलुक सगळे अपवाद पुसून टाकतं आणि त्यांत लिहिलेला अजेंडाही जातो. ओढणारा माणूस ऑर्गनायझर, म्हणजे मीटिंग बनवणारा, नसेल तर आणखीच व्यर्थ. त्याचा बदल फक्त त्याच्या स्वतःच्या कॅलेंडरात होतो, आणि ऑर्गनायझरचा पुढचा अपडेट आला की सगळं पहिल्यासारखं.

मुळात घडतं काय ते आधी पाहू. एकदाच होणारी मीटिंग म्हणजे काळातला एक ठरलेला क्षण, ती जगात कुठूनही पाहिली तरी बरोबरच दिसते. रिकरिंग मीटिंगचं तसं नसतं. तिच्यात 'दर बुधवारी सकाळी ९ वाजता, न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे' असा नियम साठवलेला असतो. कॅलेंडरं एकमेकांशी ज्या आयकॅलेंडर मानकाने बोलतात त्यातही (आरएफसी ५५४५, २००९) सिरीजच्या सुरुवातीच्या वेळेला टाइम झोनचं नाव जोडलेलं असतं. म्हणजे प्रत्येक सिरीज कुठल्या तरी एका शहराच्या घड्याळाला बांधलेली असते, आणि बाकीची शहरं त्या घड्याळामागे फरफटतात. अमेरिकेत आणि युरोपात उन्हाळ्यापुरतं घड्याळ एक तास पुढे करतात, त्याला उन्हाळी वेळ म्हणतात, आणि हिवाळ्यात ते परत मागे आणतात. भारताचं घड्याळ मात्र वर्षभर यूटीसी (जगभरची प्रमाण वेळ) अधिक साडेपाच तासांवर स्थिर. म्हणूनच दुसऱ्यांची घड्याळं हलली की सरकासरकी आपल्याला दिसते.

न्यूयॉर्कच्या कोणी सकाळी ९ ची सिरीज बनवली असेल तर तिथे ती बारा महिने ९ लाच राहते, आणि पुण्यात उन्हाळी वेळेत संध्याकाळी ६.३० ला, हिवाळ्यात ७.३० ला येते. तीच सिरीज पुण्यातून ६.३० ची म्हणून बनवली असेल तर पुण्यात काहीच हलत नाही, पण नोव्हेंबरपासून न्यूयॉर्कवाल्यांना ती सकाळी ८ ला दिसते. कॅलेंडरच्या हिशेबाने दोन्ही बरोबर. 'काही सरकल्या, काही नाही' हे बिघाडाचं लक्षण नाही. सिरीज वेगवेगळ्या शहरांतून बनल्या एवढाच त्याचा अर्थ. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी प्रत्येक सिरीजबद्दल एकच गोष्ट ठरवावी लागते: ही मीटिंग कोणाच्या घड्याळाने चालायला हवी? हे माणसांनी ठरवायचं आहे, आयटी विभागाने नाही. क्लायंट न्यूयॉर्कचा असेल तर साधारणपणे न्यूयॉर्कचं घड्याळ धरतात. सगळी टीम भारतातली आणि तिकडचा एखादाच माणूस जोडला जाणार असेल तर भारताचं धरावं.

लंडनमुळे यात आणखी एक गाठ पडते. अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. २००५ च्या कायद्याने ठरलेल्या या तारखा २००७ पासून लागू आहेत. ब्रिटन आणि युरोपियन युनियनमध्ये मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. म्हणजे २०२६ मध्ये अमेरिका ८ मार्च आणि १ नोव्हेंबर, तर लंडन २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. २०२७ मध्ये अमेरिका १४ मार्च आणि ७ नोव्हेंबर, तर लंडन २८ मार्च आणि ३१ ऑक्टोबर. मार्चमधल्या या दोन-तीन आठवड्यांत आणि ऑक्टोबरअखेरच्या एका आठवड्यात लंडन आणि न्यूयॉर्कमधलं अंतर पाचऐवजी चार तासांचं होतं. गोंधळाच्या बहुतेक तक्रारी याच काळातल्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारींवर काही न करता हा काळ संपेपर्यंत थांबणं हेच उत्तर असतं. अडचण ही की लोक नेमके याच आठवड्यांत मीटिंगा ओढतात.

आता तुमच्या कॅलेंडरात खरी चूक कुठे आहे ते शोधायचं. आधी पाहा, चुकीची वेळ एकालाच दिसते की सगळ्यांना. एकाच माणसाला सगळ्या मीटिंगा तासभर चुकलेल्या दिसत असतील तर दोष त्याच्या लॅपटॉपमध्ये किंवा फोनमध्ये आहे. एकच मीटिंग सगळ्यांना चुकीची दिसत असेल तर त्या सिरीजचा झोन चुकलाय. एखाद्या देशातल्या सगळ्यांना सगळंच चुकीचं दिसत असेल तर सर्व्हरवरची टाइम झोनची माहिती जुनी आहे. हे तीन प्रकार वेगळे न करता दुरुस्तीला लागलं की एक तास पुढे, एक तास मागे असा खेळ सुरू होतो.

लॅपटॉपवाला प्रकार लवकर निस्तरतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'टीझेडयूटिल स्लॅश जी' दिलं की मशीन कोणत्या झोनवर आहे ते कळतं. नावाच्या शेवटी 'डीएसटीऑफ' असं शेपूट दिसलं तर उन्हाळी वेळेची आपोआप जुळणी कोणीतरी बंद केलेली आहे. न्यूयॉर्क-लंडनच्या मशीनवर ती चालूच हवी. 'टाइम झोन आपोआप ठरवा' हा पर्याय चालू असेल आणि मशीन व्हीपीएनवर असेल तर झोन भलताच लागलेला आढळतो, तेव्हा तो पर्याय बंद करून झोन हाताने निवडावा. सगळ्यात वाईट म्हणजे झोन तसाच ठेवून घड्याळाचे काटेच एक तास फिरवणं. पडद्यावर वेळ बरोबर दिसते, पण मशीनची यूटीसी वेळ तासभर चुकते आणि तिथून पाठवलेलं प्रत्येक इनव्हाइट चुकीचं जातं. डोमेनवर, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कला जोडून, असलेल्या मशीनला मग लॉगइनलाही अडचण येते, कारण केर्बरॉस ही लॉगइन तपासणारी यंत्रणा डीफॉल्टने पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. पुणे-न्यूयॉर्क ये-जा करणाऱ्यांच्या आयफोनवर कॅलेंडरच्या सेटिंगमधला 'टाइम झोन ओव्हरराइड' तपासा. तो चालू राहिला की माणूस पुण्यात आणि कॅलेंडर न्यूयॉर्कमध्ये, असं होतं.

खरं काम आहे ते सिरीजच्या झोनचं. इथे विंडोज आणि आउटलुकची यादीच फसवते. त्या यादीत झोनच्या नावापुढचा आकडा (यूटीसीपासूनचं अंतर) वर्षभर हिवाळ्याचाच असतो, आणि एकाच आकड्याचे चार-चार झोन एकाखाली एक दिसतात. 'उणे ०५:००' च्या गटात ईस्टर्न टाइम (न्यूयॉर्कचा झोन) आहे आणि 'बोगोटा, लिमा, कीटो'ही आहे. पहिला उन्हाळी वेळ पाळतो, दुसरा पाळत नाही. 'उणे ०७:००' मध्ये माउंटन टाइम आहे आणि ॲरिझोनाही आहे. ॲरिझोनात, नवाहो नेशनचा भाग सोडला तर, घड्याळ बदलतच नाही. लंडनसाठी 'डब्लिन, एडिंबरा, लिस्बन, लंडन' हाच निवडायचा. शेजारचा कोऑर्डिनेटेड युनिव्हर्सल टाइम किंवा 'मोनरोव्हिया, रेक्याविक' घेतला तर मार्चअखेरपासून मीटिंग तासभर चुकते. पॉवरशेलने, म्हणजे विंडोजमध्ये कमांड लिहून, काम करणाऱ्यांनी आणखी एक जपावं. विंडोजच्या आतल्या नावांत 'जीएमटी स्टँडर्ड टाइम' म्हणजे उन्हाळी वेळ पाळणारं लंडन, आणि 'ग्रीनिच स्टँडर्ड टाइम' म्हणजे उन्हाळी वेळ नसलेला झोन. नावावरून नेमकं उलट वाटतं. गूगल कॅलेंडरातही उन्हाळी वेळ न पाळणारा जीएमटी हा वेगळा पर्याय आहे, लंडनच्या मीटिंगला तो चालत नाही.

जी सिरीज पुण्यात हलत नाही ती पुण्याच्याच घड्याळावर असेल असंही धरून चालू नका. बोटने किंवा बुकिंगच्या सॉफ्टवेअरने यूटीसीवर बनवलेली सिरीज, ॲरिझोनावर बनलेली सिरीज, दोन्ही पुण्यात तशाच स्थिर दिसतात. उघडून झोन बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

दुरुस्ती ऑर्गनायझरनेच करायची. चालू सिरीजची वेळ किंवा झोन मागल्या तारखेपासून बदलण्यापेक्षा जुनी सिरीज संपवून नवी सुरू करणं केव्हाही सुरक्षित. आउटलुकमध्ये जुनी सिरीज उघडा, रिकरन्समध्ये (मीटिंग कधी-कधी पुन्हा होते ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) शेवटची तारीख येत्या शनिवारची टाका, अपडेट सगळ्यांना पाठवा. सिरीज कॅन्सल करू नका. कॅन्सल केली की झालेल्या मीटिंगांची नोंदही सगळ्यांच्या कॅलेंडरातून उडते. मग नवी मीटिंग उघडा आणि वेळ टाकण्याआधी टाइम झोनचं बटण दाबून ईस्टर्न टाइम निवडा, सुरुवातीचा आणि शेवटचा दोन्ही. त्यानंतर सकाळी ९ ही न्यूयॉर्कची वेळ टाका आणि शेवटी रिकरन्स लावा. आधी पुण्याची वेळ टाकून नंतर झोन बदलायला गेलात तर आकडा तसाच राहिला की बदलला, हे नीट पाहावं लागतं आणि तिथेच चूक होते. गूगलमध्ये हे सोपं आहे: इव्हेंट एडिट करा, वेळेशेजारच्या टाइम झोनवर टिचकी मारा, न्यूयॉर्क निवडा आणि सेव्ह करताना 'ही आणि यापुढच्या' घ्या. मागच्या तारखांना हात लागत नाही. आउटलुकमध्ये नव्या सिरीजबरोबर मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या व्हिडिओ मीटिंगची लिंक आणि चॅटही नवी होते. ते आधीच कळवा, नाहीतर पहिल्या दिवशी निम्मे लोक जुन्या लिंकवर ताटकळतात.

नवी सिरीज झाली की तपासण्यासाठी सहा तारखा पुरेत. बुधवारी न्यूयॉर्कच्या सकाळी ९ ची सिरीज धरा. २१ ऑक्टोबर २०२६ ला ती पुण्यात ६.३० आणि लंडनला दुपारी २ वाजता दिसली पाहिजे. २८ ऑक्टोबरला पुणे ६.३०, लंडन १. ४ नोव्हेंबरला पुणे ७.३०, लंडन २. पुढे १० मार्च २०२७ ला पुणे ७.३०, लंडन २. १७ मार्चला पुणे ६.३०, लंडन १. ३१ मार्चला पुणे ६.३०, लंडन २. ही सहा उत्तरं जुळली तर झोन बरोबर बसला. २८ ऑक्टोबर किंवा १७ मार्चला लंडन २ च दाखवत असेल तर सिरीज लंडनच्या घड्याळावर आहे.

आता 'राजगड' रूम. न्यूयॉर्कची ९ ची सिरीज उन्हाळ्यात ६.३० ला आणि पुण्याची स्वतःची एक सिरीज ७.३० ला, दोन्ही त्याच रूममध्ये. मेमध्ये भांडण नाही. नोव्हेंबरात पहिली सरकून दुसरीवर येते. एक्सचेंजमधल्या (आउटलुकमागच्या मेल-कॅलेंडर सर्व्हरमधल्या) रूमच्या मेलबॉक्सला डीफॉल्टने एकही टक्कर चालत नाही, म्हणून तो अशी आख्खी सिरीजच नाकारतो. लोक कंटाळून ॲडमिनकडून 'इतके टक्के टक्कर चालेल' असं सेटिंग करून घेतात. मग रूम सिरीज स्वीकारते, फक्त टक्कर होणाऱ्या तारखा नाकारते, आणि त्या तारखांची यादी उत्तराच्या लांबलचक मेलमध्ये खाली कुठेतरी असते. ती कोणी वाचत नाही. दोन टीम एकाच दारात उभ्या राहतात त्यामागे बहुधा हेच असतं. ॲडमिनने 'सेट-कॅलेंडरप्रोसेसिंग' या पॉवरशेल कमांडमधली तीन सेटिंगं बघावीत: टक्कर मान्य आहे का, किती टक्के, आणि जास्तीत जास्त किती वेळा. पहिलं 'नाही'च हवं. बुकिंगची मुदत डीफॉल्टने १८० दिवस असते, म्हणजे मेमध्ये रूम घेताना नोव्हेंबर त्या मुदतीच्या टोकाला येतो. म्हणून रूमच्या सिरीज वर्षभरासाठी घेण्याऐवजी मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर आणि तिथून पुन्हा मार्चअखेर, अशा दोन तुकड्यांत घ्याव्यात; पहिला तुकडा १८० दिवसांहून मोठा आहे, तेव्हा त्यासाठी ॲडमिनकडून मुदत वाढवून घ्यावी लागेल. टक्कर असली तर बुक करतानाच कळते. रूमच्या मेलबॉक्सचा स्वतःचा झोन आणि कामाच्या तासांचा झोनही तपासा. रूमचा मेलबॉक्स माणसासारखा कोणी उघडून बसत नाही, त्यामुळे तो झोन कोणी लावलेलाच नसतो. 'फक्त कामाच्या वेळेत बुकिंग' हे बंधन चालू असेल तर पुण्याची रूम कॅलिफोर्नियाच्या कामाच्या तासांनी बुकिंग नाकारत बसू शकते.

सुट्ट्यांच्या शेअर्ड कॅलेंडरात वेगळी गंमत होते. डेस्कटॉप आउटलुकमध्ये पूर्ण दिवसाची नोंद म्हणजे बनवणाऱ्याच्या मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंतचा काळ. पुण्यात टाकलेली गणेश चतुर्थीची सुट्टी न्यूयॉर्कला आदल्या दिवशी दुपारी २.३० पासून सुरू होऊन दोन दिवसांवर पसरलेली दिसते. दिवाळी नोव्हेंबरात गेली तर १.३० पासून. तिकडचा मॅनेजर मग विचारतो की सुट्टी नेमकी कुठल्या दिवशी. सुट्टीची तारीख विषयाच्या ओळीतच लिहिणं, उदाहरणार्थ 'पुणे ऑफिस बंद, सोमवार ९ नोव्हेंबर', हा साधा तोडगा बाकी सगळ्यांपेक्षा टिकाऊ आहे.

स्क्रिप्टने मीटिंगा बनवत असाल तर झोन कायम 'अमेरिका/न्यूयॉर्क', 'युरोप/लंडन', 'एशिया/कोलकाता' अशा शहराच्या नावाने द्या. 'उणे ५ तास' असा आकडा किंवा 'ईएसटी' हे तीन अक्षरी नाव देऊ नका, ईएसटी म्हणजे जुलैतही हिवाळ्याची वेळ. आणि मीटिंग एक तासाने न चुकता बरोबर २३ मिनिटांनी चुकत असेल तर पायथनमधली पायटीझेड ही लायब्ररी शोधा. 'लोकलाइझ' न वापरता तिचा झोन थेट तारखेला चिकटवला की ती कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ, यूटीसी अधिक ५ तास ५३ मिनिटं, धरते. फरक नेमका २३ मिनिटांचा.

सर्व्हर जुना असण्याचा प्रकार कमी वेळा होतो, पण झाला तर व्याप मोठा असतो. मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये बहुतेक भागातून उन्हाळी वेळ रद्द केली, अमेरिकेच्या सीमेलगतची काही शहरं सोडून. इजिप्तने २०२३ मध्ये ती परत आणली. लेबनॉनने मार्च २०२३ मध्ये ऐनवेळी पुढे ढकलली आणि काही दिवसांत निर्णय फिरवला. अशा वेळी ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत असूनही जावाला (अनेक सॉफ्टवेअर ज्यावर चालतात ती प्रणाली) किंवा कंटेनरच्या इमेजमध्ये (सॉफ्टवेअरच्या तयार गठ्ठ्यात) स्वतःची वेगळी जुनी टाइम झोन फाइल असते, आणि कॅलेंडरचं जोडसॉफ्टवेअर तीच वाचत राहतं. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला या तिन्ही जागा तपासण्याचं काम आयटीच्या यादीत असावं.

घड्याळ कोणाचं धरायचं हे ठरवताना पुण्याच्या रात्रीचा विचार होत नाही, तो व्हायला हवा. न्यूयॉर्कची सकाळी ११ ची तासाभराची मीटिंग उन्हाळ्यात इथे ८.३० ते ९.३० असते. नोव्हेंबरात ती ९.३० ते १०.३० होते. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार महिला कर्मचाऱ्यांच्या कामाची वेळ सकाळी ७ ते रात्री ९.३० अशी आहे. त्यापुढे थांबायचं तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरी पोचवण्याची सोय लागते. कॅलेंडरमध्ये सिरीज आपोआप सरकते, कॅबचं रोस्टर सरकत नाही. म्हणून अशी सिरीज असेल तर घड्याळ बदलण्याच्या किमान दोन आठवडे आधी ट्रान्सपोर्ट डेस्कला यादी द्या, किंवा हिवाळ्यापुरती मीटिंग न्यूयॉर्कच्या १० ला घ्या. त्यांचा एक तास अलीकडे आला तर इथल्या दहा जणांची रात्र वाचते, आणि समजावून सांगितलं की तिकडचे लोक सहसा ऐकतात.

ऑर्गनायझर कंपनी सोडून गेला असेल तर त्याची सिरीज बेवारस होते, कोणालाच तिचा झोन बदलता येत नाही. त्याचा मेलबॉक्स बंद होण्याआधी ॲडमिनने 'रिमूव्ह-कॅलेंडरइव्हेंट्स' ही पॉवरशेल कमांड चालवून पुढच्या मीटिंगा रद्द कराव्यात. आधी 'प्रीव्ह्यूओन्ली' लावून यादी बघून घ्यावी, आणि ज्या सिरीज चालू राहायला हव्यात त्यांच्या नव्या मालकाने त्या नव्याने, योग्य झोनवर बनवाव्यात.

राहिलं ते ऑन-कॉलचं (अडचणीच्या वेळी कोणी धावायचं याचं) आणि सॉफ्टवेअर रिलीजचं रोस्टर. ते मात्र यूटीसीवरच ठेवा. १ नोव्हेंबर २०२६ ला न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे दीड दोनदा वाजतात, पुण्याच्या वेळेने एकदा सकाळी ११ ला आणि एकदा दुपारी १२ ला. १४ मार्च २०२७ ला तिथे रात्रीचे अडीच वाजतच नाहीत. आयकॅलेंडरच्या नियमाने पहिल्या बाबतीत आधीचा दीड धरतात आणि दुसऱ्या बाबतीत अडीचचे साडेतीन होतात, पण प्रत्येक सॉफ्टवेअर हा नियम पाळेल याची खात्री नाही. त्या दोन रविवारी रात्री १ ते ३.३० च्या मध्ये न्यूयॉर्कच्या घड्याळावर काहीही लावू नका.